घरच्या घरी दाबायचा मऊ बॉल: आपल्या उन्हात, ओलीत आणि किड्यांत टिकेल असा

मागच्या हंगामात कापूस वेचता वेचता माझ्या सासूबाई धुऱ्यावरून घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. दीड महिन्यानं प्लास्टर निघालं तेव्हा हात लाकडासारखा ताठ झाला होता. डॉक्टर म्हणाले, मऊ बॉल आणा आणि दिवसातून तीनदा दाबायला लावा. सांगायला सोपं. आमचं गाव राळेगाव तालुक्यात, किराण्याची दुकानं दोन. क्रिकेटचे प्लास्टिकचे बॉल मिळतात, दाबायचे मऊ बॉल नाहीत. ऑनलाइन मागवला, तो नवव्या दिवशी चिकट होऊन फुटला आणि आतला चिकटा गोधडीभर झाला. विकणाऱ्याला मी मनातल्या मनात खूप बोलले. चूक आमचीच होती, हे नंतर कळलं. ते पुढे सांगते.

मग घरीच करायला घेतला. पहिले पाच-सहा वाया गेले. आता चाळीसेक झाले असतील: सासूबाईंसाठी, पोलीस भरतीच्या तयारीला लागलेल्या पुतण्यासाठी, दहावीच्या पोट्ट्यांसाठी, गल्लीतल्या दोघी-तिघींसाठी. इंटरनेटवर याच्या कृती ढिगानं आहेत आणि सगळ्या सारख्याच: फुगा घ्या, पीठ भरा, गाठ मारा, झालं. पण ज्यांनी त्या सांगितल्यात त्यांच्या घरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जात नाही, श्रावणात भिंतीला ओल धरत नाही आणि पिठाच्या डब्यात पाखरं होत नाहीत. आपल्याकडे बॉल दाबून फुटतो कमी. सडून, किडून, चिकटून मरतो जास्त. म्हणून हे सगळं आपल्या हवेच्या हिशेबानं लिहिलं आहे.

१. आधी ठरवा, बॉल कोणाच्या हातात जाणार

घरात आठ वर्षांखालचं लेकरू असेल आणि बॉल त्याच्या हाती लागणार असेल, तर फुग्याचा बॉल करूच नका. फुग्याचा फाटका तुकडा घशात गेला की झाकणासारखा चिकटून बसतो आणि श्वास अडतो. शेंगदाणा, मणी खोकून निघू शकतो. हा तुकडा लवकर निघत नाही. लहानांसाठी कापडी बॉल करा, तो नवव्या पायरीत आहे.

फुगा फुगवल्यावर ज्यांच्या ओठांना खाज सुटते किंवा हातावर गांधी उठतात, त्यांना रबराची अॅलर्जी असू शकते. त्यांनाही कापडीच द्या.

हाताचं हाड मोडलं असेल, ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांनी "आता दाबा" म्हटल्यावरच सुरू करा. लकव्यानं बोटं आत वळून आखडली असतील तर फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय बॉल हातात देऊ नका. आधीच आवळलेल्या मुठीला आणखी आवळायला लावल्यानं कधी कधी आखडणं वाढतं. गावात याबाबत सल्ले देणारे पुष्कळ असतात. ऐकून घ्या आणि विचारून करा.

२. काय काय लागेल

- साधे गोल रबरी फुगे, १० किंवा १२ इंची. एका बॉलला तीन लागतात, पण पाच-सहा जवळ ठेवा.
- अर्ध्या लिटरची पाण्याची रिकामी बाटली, आतून ठणठणीत कोरडी.
- नरसाळं. नसेल तर दुसऱ्या बाटलीचा वरचा भाग कापून उलटा धरा.
- पेनाची रिकामी नळी.
- कात्री.
- बारीक चाळणी आणि जाड बुडाची कढई.
- भरायचं सामान. त्यावर पुढची अख्खी पायरी आहे.
- एक ताट आणि एक गडद रंगाचं कापड.
- थोडी टाल्कम पावडर.

शिवाय दुसरं माणूस. शेवटचे दोन फुगे चढवताना चार हात लागतात. मी एकटीनं प्रयत्न करून पाहिला आहे, तुम्ही करू नका.

खर्च फार नाही. मी २५ फुग्यांचं पाकीट ४० रुपयांत आणलं होतं; बाकी सगळं घरात असतंच.

३. आत काय भरायचं

खरा खेळ इथेच आहे. सगळ्यात जास्त चुकाही मी इथेच केल्या.

मैदा. हाताला सगळ्यात मऊ लागतो. दाबला की बोटांचे ठसे तसेच राहतात, सोडल्यावर बॉल हळूच सावरतो. सासूबाईंच्या दुखऱ्या हाताला हाच मानवला. दोष एकच: किडतो. पहिल्यांदा मी डब्यातला मैदा तसाच भरला होता. श्रावणात एक दिवस बॉल दाबला तर आत गाठी लागल्या. फोडून पाहिला, तर पिठाला कोळ्यासारखी जाळी धरलेली आणि त्यात दोन अळ्या वळवळत होत्या. अंडी पिठातच होती, वाट पाहत. म्हणून मैदा भाजल्याशिवाय भरायचा नाही.

ज्वारीचं पीठ. आमच्याकडे हे मुबलक, म्हणून मोह होतो. पण चक्कीवरचं पीठ भरड असतं, बॉल खरबरीत लागतो. वापरायचंच असेल तर दोनदा चाळून, भाजून घ्या. तांदळाच्या पिठाचंही तेच.

कॉर्नफ्लॉर. तालुक्याच्या दुकानात मिळतं. दाबताना कुरकुर आवाज करतं, बर्फावर चालल्यासारखा म्हणतात. बर्फ मी पाहिलेला नाही, पण पोट्ट्यांना तो आवाज फार आवडतो. हे कोरडंच भरा. कॉर्नफ्लॉर पाण्यात कालवून भरायची एक कृती आहे. ते मिश्रण जोरात दाबलं की घट्ट होतं आणि सोडलं की वाहतं. गंमत खरी आहे, पण आपल्या उन्हाळ्यात ते दोन-तीन दिवसांत आंबतं आणि बॉल फुटला की घरात उभं राहवत नाही.

जवस. माझ्या मनातला पहिला नंबर याचा. दाणा चपटा, गुळगुळीत. मुठीत बॉल दाबला की आत दाणे एकमेकांवरून सरकतात, सळसळ ऐकू येते. मनगटाला जोर कमी लागतो. पण फुटके दाणे पूर्ण निवडून काढा, कारण जवसात तेल असतं आणि तेल रबराचं वैरी आहे. जवस भाजू नका. भाजलं की तडतडतं आणि तेल वर येतं. दोन दिवस कडक ऊन दाखवा, तेवढं पुरे. मोहरीचंही असंच.

तांदूळ. भंडारा-गोंदियाकडच्या मंडळींच्या घरात तो असतोच. दाणा टोकदार असल्यानं बॉल जरा बोचतो, पण बोटांना चांगली जाणीव होते. आतला फुगा मात्र जाड घ्या. तांदळात सोंडे होतात, तेव्हा भाजून घ्या.

वाळू. नदीची वाळू धुऊन, चाळून, वाळवून भरता येते. पण तिचे कण धारदार असतात, आतून रबर खातात आणि बॉल जड होतो. दुखऱ्या हाताला नकोच.

आता जे अजिबात भरायचं नाही ते ऐका.

पेरणीतून उरलेलं बियाणं भरू नका. सोयाबीन, कपाशी, तूर, काहीही असो. त्याला औषध लावलेलं असतं, गुलाबी-लाल रंगावरून ओळखू येतं. पण रंग उडालेला असला तरी औषध गेलेलं नसतं. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. तेव्हापासून आमच्या घरात औषधाचा डबा आणि बियाण्याची पिशवी लेकरांच्या हाताला लागत नाही. बॉल एक दिवस फुटणारच आहे. तो कोणाच्या हातात फुटेल ते आपल्याला ठाऊक नसतं.

सरकी नको. तिच्यावर रुवा असतो, टोक बोचतं आणि आत तेल असतं. बेसन, तिळाचा कूट, शेंगदाण्याचा कूट, सोयाबीनचं पीठ: सगळ्यांत तेल, सगळी नको. युरिया आणि मीठ हवेतली ओल ओढून घेतात, पंधरा दिवसांत आत चिखल होतो. पाण्यात टाकल्यावर फुगणारे रंगीत मणी तर घरातही आणू नका. लेकरानं गिळले तर ते पोटात फुगतात आणि आतडं अडतं. फेविकॉल आणि टाकणखाराचा चिकटा करून भरायची पद्धत पोट्टे मोबाइलवर पाहून येतात. माझ्या घरात त्याला परवानगी नाही.

पहिल्यांदा करत असाल तर मैदा घ्या. हात बसला की जवसाकडे वळा.

४. मैदा भाजा आणि पूर्ण गार होऊ द्या

एका बॉलला साधारण ८० ते ९० ग्रॅम मैदा लागतो, म्हणजे आमटीची एक वाटी भरून. थोडा जास्तच भाजा. कढई कोरडी हवी, तेला-तुपाचा अंशही नको. मंद आचेवर आठ-दहा मिनिटं हलवत राहा. रंग बदलू द्यायचा नाही. पीठ हलकं झालं, उलथन्यावरून सरसर घसरायला लागलं आणि कच्चा वास गेला की उतरवा.

मग ताटात पसरून गार करा. "गार झालं असेल" असं वाटतं तेव्हा आणखी अर्धा तास थांबा. गरम पीठ फुग्यात गेलं की आत वाफ धरते, तिचं पाणी होतं आणि पिठाचे खडे बनतात. पावसाळ्यात पीठ उघड्यावर रात्रभर ठेवू नका, भाजून घालवलेली ओल ते परत घेतं. गार झालं की चाळा आणि लगेच भरा.

जवस, मोहरीवाल्यांनी ही पायरी सोडून द्यावी.

५. फुगा पारखून घ्या

दुकानाबाहेर उन्हात महिनोन्‌महिने लटकलेलं पाकीट घेऊ नका. रबर उन्हानं मरतं. दुकानदाराला आतलं पाकीट काढायला सांगा. आमच्याकडे तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे लेकरांच्या लाकडी बैलांच्या सणाच्या, सुमारास फुग्यांचा खप असतो, तेव्हा माल ताजा मिळतो. मी वर्षाचे फुगे तेव्हाच घेऊन ठेवते.

फुगा दोन बोटांत ताणून उजेडाकडे धरा. बारीक भेगा, पांढुरके डाग किंवा टाचणीएवढा उजेड दिसला तर बाजूला. छापील चित्राचे फुगे टाळा; चित्राच्या कडेला रबर लवकर चिरतं असा माझा अनुभव आहे.

चांगला निघालेला फुगा एकदा पूर्ण फुगवा, मिनिटभर धरा, हवा सोडून द्या. यानं रबर सैल होतं आणि छिद्र असेल तर तिथेच कळतं. ही पायरी गाळली तर भरताना हात दुखतात.

६. भरा

पिठाची आणि दाण्याची पद्धत वेगळी आहे.

पिठासाठी: मोजलेला मैदा नरसाळ्यानं कोरड्या बाटलीत घाला. फुगा मोसंबीएवढा फुगवा आणि मान पिळून धरा, म्हणजे हवा जाणार नाही. आता फुग्याचं तोंड बाटलीच्या तोंडावर चढवा. दोन्ही नीट बसल्यावर बाटली उलटी करा आणि पीळ सोडा. बाटलीला हलके टिचक्या मारा, मधून मधून दाबा. पीठ सर्रकन फुग्यात उतरतं. अडलं तर पुन्हा टिचक्या. घाईनं बाटली जोरात पिळू नका, फुगा तोंडावरून उडतो.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: पीठ आत गेल्यावर फुग्याला तोंड लावायचं नाही. फुंकताना आपण नकळत श्वास आत घेतो आणि पीठ थेट छातीत जातं.

दाण्यासाठी: फुगवायची गरज नाही. फुग्याचं तोंड नरसाळ्याच्या नळीवर चढवा आणि शेजारून पेनाची नळी आत सरकवा, म्हणजे आतली हवा बाहेर निघायला वाट राहते. मग दाणे सोडा. ज्यांनी पेरणीत तिफणीमागं चालत चाड्यावर (बी सोडायच्या नरसाळ्यावर) मूठ धरली आहे त्यांना हे शिकवावं लागत नाही. एकदम ओतलं की नळी बुजते. मूठ जरा ढिली ठेवून एकसारखं सोडत राहिलं की दाणा न सांडता भरतं. सासूबाईंनी हे पहिल्याच फेरीत डाव्या हातानं केलं आणि माझ्याकडे अशा काही पाहिलं, की मी बाटली खाली ठेवली.

किती भरायचं? बॉल लहान संत्र्याएवढा हवा, म्हणजे सहा सेंटिमीटरच्या आसपास. बोटं त्याच्याभोवती जवळजवळ पूर्ण वळली पाहिजेत. मोठा झाला तर मूठ बसत नाही आणि दाबताना अंगठा दुखतो.

७. हवा काढा, गाठ मारा

बहुतेकांचा बॉल इथे बिघडतो. आत हवा राहिली की तो मऊ लागत नाही, फुग्यासारखा टणटणतो आणि लवकर फुटतो.

फुग्याची मान पिळून बाटलीवरून काढा. मान वर, पोट खाली असा धरून ताटावर हलके आपटा. पीठ खाली बसू द्या. मिनिटभर थांबा, आतली धूळ खाली येऊ द्या. मग चिमूट अगदी केसभर सैल करा, हवा फुस्स करत जाऊ द्या. परत धरा, परत आपटा, परत सैल करा. चार-पाच वेळा.

पहिल्या दिवशी मी चिमूट एकदम सोडली होती. मैद्याचा फवारा सरळ सासूबाईंच्या तोंडावर. भुवया पांढऱ्या, कुंकू पांढरं. त्या थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या, "माय वं! आज शिमगा हाय का? पीठ कावून उडवून रायली?" हसण्यावारी गेलं, पण तेव्हा शेजारी चूल विझलेली होती म्हणून. हवेत उडालेलं पीठ विस्तवाला लागलं की भडकतं. हे काम चुलीजवळ, गॅसजवळ, देवाच्या दिव्याजवळ करू नका. अंगणात किंवा ओसरीत बसा.

हवा निघाली की मान घट्ट पिळा आणि भरलेल्या भागाला अगदी चिकटून गाठ मारा. गाठीच्या वर अर्धा इंच ठेवून उरलेली मान कापा. गाठीऐवजी सायकलच्या ट्यूबचं रबर किंवा दोरा गुंडाळायचा सल्ला काही जण देतात. दोरा रबरात रुततो आणि तिथेच चीर जाते. फुग्याची स्वतःची गाठ सगळ्यात चांगली.

८. वरून आणखी दोन फुगे चढवा

दुसऱ्या फुग्याची मान, जिथे पोट सुरू होतं तिथे कापून टाका. दुसऱ्या माणसाला दोन्ही हातांच्या बोटांनी तो उघडून ताणून धरायला सांगा. भरलेला बॉल गाठीच्या बाजूनं आत ढकला. म्हणजे गाठ दुसऱ्या फुग्याच्या बंद बुडाशी जाते आणि त्याचं उघडं तोंड विरुद्ध बाजूला येतं. तिसरा फुगा याच्या उलट: दुसऱ्याचं उघडं तोंड आधी आत. अशानं एकही भोक दुसऱ्या भोकावर येत नाही.

बॉल आत सरकत नसेल तर त्यावर चिमूटभर टाल्कम पावडर चोळा. तेल, व्हॅसलीन, साबण काहीही लावू नका.

नखं कापलेली असू द्या. मी एकदा मेहंदीच्या आदल्या दिवशी, नखं वाढवलेली असताना बसले आणि तीन फुगे फाडले.

तयार बॉल गडद कापडावर ठेवून सगळीकडून दाबा. पांढरा ठसा उमटला तर कुठून तरी गळतोय; वरचा फुगा काढून नवा चढवा. रात्रभर ठेवा, सकाळी परत बघा. मगच ज्याचा त्याला द्या.

९. लहानांसाठी कापडी बॉल

जुन्या सुती लुगड्याचे किंवा टी-शर्टचे दोन थर घ्या. जुन्या गादीतला फोम लहान संत्र्याएवढा गोल कापा आणि कापडात बांधून बारीक उलट्या टाक्यानं शिवून टाका. कापूस भरायचा मोह आपल्याकडे सगळ्यांनाच होतो, घर त्यानंच भरलेलं असतं. पण कापूस दाबला की दबूनच बसतो, परत फुगत नाही. आठ दिवसांत त्याचा दगड होतो. फोमच भरा. बटणं, मणी, घुंगरू काहीही लावू नका. शिवण उसवली की लगेच काढून घ्या, लेकरं फोमही खातात.

१०. कसा वापरायचा

सासूबाईंना सांगितलेली पद्धत अशी होती: हात मांडीवर किंवा उशीवर टेकवायचा, बॉल तळहातात घ्यायचा, हळूहळू दाबायचा, पाच आकडे मोजायचे, हळूहळू सोडायचा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. कळ आली तर थांबायचं. तुमचं दुखणं वेगळं असेल तर आकडे तुमच्या डॉक्टरांकडून घ्या. दोन महिन्यांनी त्यांनी परत भाकरी थापली. श्रेय एकट्या बॉलला देत नाही, शेक आणि इतर व्यायामही चालू होते. पण बाकी व्यायाम त्या टाळायच्या, बॉल मात्र पारावर बसूनही दाबायच्या.

अभ्यास करणाऱ्यांनी वाचताना डाव्या हातात धरावा. पुतण्या म्हणतो की मोबाइल हातात घ्यायची सवय थोडी कमी झाली. थोडीच.

आणि एक. हा बॉल हाताला चाळा देतो, जरा वेळ मन दुसरीकडे नेतो. नापिकी, कर्ज, लेकीचं लग्न याचा घोर लागून झोप उडाली असेल, जगणंच नको वाटत असेल, तर ते बॉलचं काम नाही. १४४१६ हा टेली मानसचा सरकारी क्रमांक आहे. फोन मोफत लागतो, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. घरात कोणी गप्प-गप्प असेल तर तुम्हीच लावून फोन त्यांच्या हातात द्या.

११. बॉल कशानं मरतो

तेल. आता त्या नवव्या दिवसाची गोष्ट. सासूबाई रोज सकाळी मनगटाला कोमट तिळाचं तेल चोळायच्या आणि त्याच हातानं बॉल दाबायच्या. विकतचा फुटला, मग घरचा पहिलाही तसाच फुटला: आधी वरचं रबर चिकट झालं, मग फुगून सैल पडलं, मग अंगठा आरपार गेला. दोन्हीकडे मी मालाला दोष देत होते. तिसरा बॉल त्यांनी चार दिवस तेल न लावता वापरला आणि त्याला काहीच झालं नाही, तेव्हा डोक्यात उजेड पडला. तेल रबरात मुरतं आणि त्याची ताकद काढून घेतं. तेव्हा आधी बॉल, नंतर मालिश. किंवा हात साबणानं धुऊन, पुसून मग बॉल. केसांना चोपडलेल्या तेलाचा हातही चालत नाही.

संत्रं. वरूडची नणंद आंबिया बहाराची संत्री घेऊन आली होती. पुतण्या एका हातात बॉल घेऊन शेजारी बसला, तिनं संत्रं सोललं, सालीचा बारीक फवारा उडाला आणि वरचा फुगा फट्‌ करून फाटला. सगळ्यांना वाटलं योगायोग. मग आम्ही फुगवलेल्या साध्या फुग्यावर साल पिळून पाहिली: दर वेळी फट्‌. सालीतल्या तेलात लिमोनिन नावाचं द्रव्य असतं, ते रबर विरघळवतं. ताणलेलं रबर तिथेच तुटतं. लिंबू, मोसंबीच्या सालीतही ते असतं. संत्र्याच्या पट्ट्यात राहणाऱ्यांनी हंगामात हे विसरू नये. पोट्ट्यांना मात्र ही जादू दाखवाच, फक्त डोळे सांभाळून.

ऊन. गाडीच्या डिक्कीत, खिडकीत, टिनाच्या छपराखालच्या फळीवर ठेवू नका. २५ मेच्या सुमारास नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) लागला की टिनाच्या घरात फुगे आपोआप एकमेकांना चिकटतात. स्टीलच्या डब्यात थोडी टाल्कम पावडर टाकून, बॉल घोळवून, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा. माठाजवळ नको, तिथे ओल असते.

घाम. वापरून झाला की कोरड्या फडक्यानं पुसा. पाण्यात बुडवून धुऊ नका.

एवढं सांभाळलं तर तीन थरांचा बॉल माझ्याकडे चार-पाच महिने चालतो, उन्हाळ्यात त्याच्या निम्मा. वरचा फुगा चिकट लागायला लागला की फुटायची वाट पाहू नका. तेवढाच सोलून नवा चढवा. आतला माल ठीक असेल तर काम दोन मिनिटांचं आहे. गाठी लागल्या किंवा कुबट वास आला तर मात्र सगळंच बदला.

१२. फुटलेल्याचं काय करायचं

जुनं पीठ कणकेत मिसळू नका आणि जनावराच्या आंबोणातही टाकू नका, सहा महिन्यांत त्यात काय झालंय ते दिसत नाही. उकिरड्यात पुरून टाका. जवस चांगलं असेल तर पुन्हा ऊन दाखवून दुसऱ्या बॉलला वापरता येतं, खायला नाही. फाटलेल्या फुग्याचे तुकडे मोजून, सगळे मिळाले का बघून, कचऱ्याच्या पिशवीत गाठ मारून टाका. अंगणात झाडून दिले की शेळी किंवा वासरू हमखास चघळतं. आमच्या शेळीनं एकदा लाल फुग्याची मान तोंडात धरली होती. ती काढायला मला आणि सासूबाईंना मिळून अर्धं अंगण पळावं लागलं, आणि शेळीचं तोंड उघडून धरलं ते त्यांच्या उजव्या हातानं.